अंदाज नऊ हजारांचा, बिल सोळा हजारांचं



आज पिकावरच्या किडीबद्दल किंवा खताच्या मात्रेबद्दल बोलणार नाही. बोलणार आहे मोटार दुरुस्तीच्या बिलाबद्दल. विहिरीवरची मोटार जळणं ही गोष्ट आपल्याला नवी नाही. वीज कमी दाबाने येते, एखादा फेज जातो, नाहीतर विहिरीचं पाणी खाली जातं आणि मोटार कोरडी फिरते. मग ती ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत टाकून तालुक्याला वायंडिंगवाल्याकडे न्यायची. तिथं पुढं जे होतं, त्याबद्दल थोडं सांगतो.

आमच्या भागातला एक शेतकरी एप्रिल महिन्यात माझ्याकडे आला. उन्हाळी भुईमूग आऱ्यांवर आलेला, म्हणजे पाण्याचा ताण अजिबात चालत नाही अशी वेळ. त्याची पाच अश्वशक्तीची पाणबुडी मोटार जळाली होती. दुकानदाराने तोंडी अंदाज सांगितला: तार 6 किलो, मजुरी 3,000 रुपये, मिळून 9,000. पाच दिवसांनी बिल हातात पडलं ते 16,400 रुपयांचं. पैसे भरल्याशिवाय मोटार मिळणार नाही, असं दुकानदार म्हणाला. आमचा गडी संतापला. दोन माणसं घेऊन जातो आणि मोटार उचलून आणतो, म्हणायला लागला.

मी त्याला म्हटलं, असं काही करू नका. दुरुस्ती करणाऱ्याला त्या कामाची वाजवी मजुरी मिळेपर्यंत ती वस्तू ठेवून घेण्याचा हक्क 1872 च्या करार कायद्याने दिलेला आहे. हा हक्क फक्त त्याच कामाच्या पैशांपुरता असतो, मागच्या जुन्या उधारीसाठी मोटार अडवता येत नाही. पण जबरदस्तीने मोटार उचललीत, तर भांडणात तुमची बाजू पडली म्हणून समजा. आणि भांडण मिटेपर्यंत भुईमूग थांबणार आहे का?

म्हणून त्याने पैसे भरले. मेहुण्याकडून उसने घेतले, पण भरले. भरताना मात्र बिलाच्या दोन्ही प्रतींवर लिहिलं, "ठरलेल्या 9,000 रुपयांपेक्षा जादा रक्कम हरकत राखून दिली आहे," आणि खाली तारीख घालून सही केली. दुकानदार कुरकुरला, पण पैसे समोर दिसत होते. बिलाचा मोबाईलवर फोटो काढून ठेवला. जुनी जळकी तार आणि काढलेले सुटे भाग मागून घेतले. त्याच संध्याकाळी मोटार विहिरीत सोडली आणि रात्रपाळीच्या विजेवर भुईमुगाला पाणी बसलं.

मग आम्ही निवांत बसून बिल वाचलं. बिल असं वाचायचं असतं, एकेक ओळ धरून. तार 8 किलो, 8,000 रुपये. मजुरी 3,000. बुश 1,200. थ्रस्ट बेअरिंग 1,800. दोन इंपेलर 1,600. किरकोळ 800.

जुनी तार किराणा दुकानाच्या काट्यावर घातली. भरली सव्वापाच किलो. आता नव्या तारेवर प्लॅस्टिकचं आवरण असतं, थोडी तुकड्यांत वाया जाते, म्हणून ती जरा जास्त भरणारच. अंदाजातले सहा किलो त्यामुळे पटतात, आठ पटत नाहीत. (जुनं वायंडिंग अॅल्युमिनियमचं असेल आणि नवं तांब्याचं केलं, तर मात्र वजनाचा हा ताळा लागू पडत नाही.)

इंपेलरची तर गंमतच होती. इंपेलर असतो पंपात. आणि पंप या गड्याने घरीच सोडून ठेवला होता, दुकानात नेली होती नुसती मोटार!

बुश आणि थ्रस्ट बेअरिंग मात्र खरोखरच झिजलेले होते, हाताला धार लागत होती. ते बदलणं रास्तच होतं. मोटार उघडल्याशिवाय असे भाग कळत नाहीत, हे आपणही मान्य केलं पाहिजे. तेवढ्यासाठी मी दुकानदाराला दोष देणार नाही. एक फोन करून विचारलं नाही, ही त्याची चूक.

चौथ्या दिवशी तार, काट्याची चिठ्ठी आणि बिल घेऊन दोघं गेलो. गिऱ्हाइकांची गर्दी नसेल अशी दुपारची वेळ मुद्दाम धरली. चारचौघांत माणूस हट्टाला पेटतो. तारेचे 2,000, इंपेलरचे 1,600 आणि किरकोळातले 500, मिळून 4,100 रुपये परत द्यायचं ठरलं. 2,000 त्याने लगेच दिले, बाकीचे पंधरा दिवसांनी. म्हणजे काम शेवटी 12,300 ला पडलं.

त्याने ऐकलं नसतं तर? मग आधी स्पीड पोस्टाने पोच पावतीसह पत्र पाठवायचं, कोणत्या ओळीला हरकत आहे ते लिहून. त्यानंतर 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवता येते. त्यानेही काम झालं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग आहे. 2019 च्या कायद्याप्रमाणे आपण राहतो त्या जिल्ह्यातच तक्रार करता येते, वकील लावलाच पाहिजे असं नाही, आणि मोबदला 5 लाखांपर्यंत असेल तर फी नाही. मुदत दोन वर्षांची. शेतकरी हा ग्राहक आहे की नाही, हा वादही आता उकरायला नको. बियाण्यांच्या एका प्रकरणात 2012 साली सर्वोच्च न्यायालयाने शेतकऱ्याला ग्राहक मानलं आहे. मात्र आयोगापुढे कागद लागतो. बिल किंवा पावती न देणं हाच या कायद्यात गैरप्रकार धरलेला आहे, तेव्हा कोऱ्या चिठ्ठीवर आकडा लिहून दिला तर घेऊ नका.

पुढच्या वेळी मोटार टाकताना दुकानाच्याच वहीत दोन ओळी लिहून घ्या. तार कोणती, किती किलो, दर काय, मजुरी किती. आणि "अंदाजापेक्षा 1,000 रुपयांहून जास्त खर्च येत असेल तर आधी विचारावे, जुनी तार व भाग परत द्यावेत," एवढं. अंदाज म्हणजे पक्का भाव नव्हे, थोडं इकडंतिकडं होणारच. म्हणून ती हजाराची रेघ. मोटारीवरच्या पट्टीचा, नंबरासकट, फोटो काढून ठेवा. वायंडिंगची गॅरंटी किती महिन्यांची तेही बिलावर लिहून घ्या.

आणि एक, मोटार कशानं जळाली हे मिस्त्रीला विचारल्याशिवाय घरी येऊ नका. फेज गेल्याने जळाली असेल, तर स्टार्टरमधला प्रिव्हेंटर तपासून मगच ती विहिरीत सोडा.