चार विमानं, एक थैली आणि गडचिरोलीचा पत्ता

आज सदरमधून बोलतेय, त्यामुळे मागून हॉर्न ऐकू येतील, तेवढं सांभाळून घ्या. विषय आहे पोस्ट. थांबा, स्किप करू नका! ‘शेवटचं पत्र कधी लिहिलं?’ हे मी विचारणारच नाहीये. ते रडगाणं खूप झालं.

सदरचा पिन कोड ४४०००१. ही पद्धत १५ ऑगस्ट १९७२ ला सुरू झाली. ती बसवणारे श्रीराम भिकाजी वेलणकर मराठी माणूस, आणि संस्कृतचे कवी. ४४ म्हणजे विदर्भ, ४४० म्हणजे नागपूर, शेवटचे तीन आकडे पोस्ट ऑफिसचे. ००१ म्हणजे सिव्हिल लाइन्समधलं आपलं जीपीओ. गडचिरोलीचे बरेचसे कोड ४४२ ने सुरू होतात. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

आता एक भारी गोष्ट. १९४९ साली रात्रीची हवाई टपाल सेवा सुरू झाली. मुंबई, दिल्ली, कलकत्ता, मद्रास, चारही शहरांतून रात्री विमानं निघायची आणि मध्यरात्रीच्या सुमारास कुठे भेटायची? आपल्या सोनेगावला! धावपट्टीवर टपालाच्या थैल्यांची अदलाबदल व्हायची आणि पहाटेपर्यंत प्रत्येक विमान आपापल्या शहरात परत. मुंबईत आज टाकलेलं पत्र उद्या कलकत्त्यात. अमेरिकेत फेडएक्सनं मेम्फिसहून अशीच रात्रीची जुळणी सुरू केली ती १९७३ मध्ये. म्हणजे सरकारी खात्याला वेग जमतच नाही, असं कोणी म्हटलं तर त्याला सोनेगाव सांगा.

मग अडतं कुठे? पैशात. काही वर्षांपूर्वी डाक विभागाच्याच अहवालात होतं, एका पोस्टकार्डामागे खर्च साधारण बारा रुपये आणि मिळकत पन्नास पैसे. खासगी कुरिअरवाल्याला ही अडचण नाही, कारण तो गिऱ्हाईक निवडू शकतो. सदर, धरमपेठ, हिंजवडी, चालेल. भामरागडच्या आतलं गाव? ‘या पिन कोडवर सेवा उपलब्ध नाही.’ पोस्टाला असं म्हणता येत नाही. देशात सुमारे १ लाख ६४ हजार पोस्ट ऑफिसं आहेत आणि त्यातली जवळपास ९० टक्के ग्रामीण भागात. तोटा तिथलाच, आणि खरं काम पण तिथलंच.

डेन्मार्कनं २०२५ च्या शेवटी सरकारी टपालसेवेची पत्रवाटप बंदच केली. तिथं घराघरांत सगळं ऑनलाइन पोचलंय, त्यांना परवडलं. आपण १ सप्टेंबर २०२५ ला रजिस्टर्ड पोस्ट स्पीड पोस्टात विलीन केलं. ट्रॅकिंग सुधारतं, ओटीपी येतो, हे चांगलंच. पण पूर्वी २० ग्रॅमचं रजिस्टर्ड पत्र २२ रुपयांत देशात कुठेही जायचं. आता परगावी स्पीड पोस्टचा दर ५० ग्रॅमपर्यंत ४७ रुपये, नोंदणी आणि जीएसटी वेगळे. विद्यार्थ्यांना १० टक्के सूट आहे, तेवढी मागून घ्या. आपल्याला पंचवीस रुपये म्हणजे एक सावजी रस्सा पण येत नाही. पण पोच हाती असावी म्हणून अर्ज रजिस्टरनं पाठवणाऱ्या मजुराला तो फरक कळतो.

आणि हे टपाल वाहतं कोण? गावात बहुतेक ग्रामीण डाक सेवक. नेमणूक कागदावर चार-पाच तासांची, सुरुवातीचा मूळ मोबदला १० ते १२ हजार, वर महागाई भत्ता. खात्याचा पूर्णवेळ कर्मचारी म्हणून दर्जा नाही. २०१८ पासून पोस्ट पेमेंट्स बँक आली. तेव्हापासून तोच माणूस मशीनवर अंगठा घेऊन म्हाताऱ्या आजीला घरी पैसे काढून देतो, हयातीचा दाखला करतो, वरून खाती उघडायचं टार्गेट. गावात नेटवर्क नसेल तर रेंज शोधत टेकडीवर. चार तासांत हे होतं का, सांगा ना?

भविष्य म्हटलं की आपल्याला डिजिपिन दाखवतात. २०२५ मध्ये आलेला हा दहा अक्षरांचा पत्ता साधारण चार बाय चार मीटरचा चौकोन दाखवतो. मस्त आहे, मी माझा काढला पण. फक्त त्या चौकोनापर्यंत पावसाळ्यात नाला ओलांडून कोणीतरी जावं लागतं. माझ्या मते पोस्टानं पार्सलवर शहरात बिनधास्त कमवावं आणि तो पैसा आधी या माणसाच्या तासांवर लावावा. तासांचा पूर्ण पगार, मग नवीन ॲप.

तुमच्या गावचे डाक सेवक किती वाजता निघतात आणि किती वाजता घरी येतात, विचारून मला व्हॉइस नोट पाठवा. ४४२ वाल्यांनी आधी. पुढच्या भागात त्या ऐकवते.