निवडणुकीची रोजंदारी

(हुपरी येथे दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



हुपरीत येऊन मजुरीविषयी बोलणे हे धाडसच आहे. पैंजणाचा एक जोड पुरा होईपर्यंत किती घरांतून फिरतो, हे तुम्हांला मी काय सांगावे? येथे चांदी देताना वजन होते, माल घेताना वजन होते आणि मजुरीचा दर आधी ठरलेला असतो. आज ज्यांच्याविषयी बोलायचे आहे, त्यांना हा दर बहुधा काम संपल्यावर कळतो.

2 डिसेंबर 2025 रोजी आपल्या नगरपरिषदेसाठी मतदान झाले. मतमोजणी दुसऱ्याच दिवशी व्हायची होती. उच्च न्यायालयाच्या आदेशामुळे ती 21 डिसेंबरला झाली. वृत्तपत्रांनी, त्यात आम्हीही आलो, उमेदवारांच्या ताणलेल्या उत्कंठेवर रकाने भरले. पण यंत्रे ठेवलेल्या खोल्यांबाहेर एकोणीस रात्री जागून कोणी काढल्या, याची फारशी विचारपूस झाली नाही.

निवडणुकीत राबणाऱ्यांत शिक्षक, तलाठी, लिपिक असतात. त्यांचे वेतन चालू असते, शिवाय मानधन मिळते. तेही फार मोठे नाही. केंद्रीय निवडणूक आयोगाने ऑगस्ट 2025 मध्ये मतदान केंद्राध्यक्षाचे मानधन दिवसाला 350 रुपयांवरून 500 रुपये केले, मतदारयाद्यांचे काम करणाऱ्या केंद्रस्तरीय अधिकाऱ्याचे वर्षाला 6 हजारांवरून 12 हजार केले. तेही सुमारे दशकभराने. नगरपरिषदेची निवडणूक मात्र राज्य निवडणूक आयोग घेतो, तेव्हा तेथील हिशेब वेगळा. तरीही या मंडळींजवळ नेमणुकीचा कागद असतो. काही बरेवाईट झाले तर तो कागद कुटुंबाच्या हाती राहतो.

ज्यांच्याजवळ कागदच नसतो, त्यांचे काय? मांडव घालणारे, पेट्या चढवणारे हमाल, भाड्याच्या गाडीचे चालक, चित्रीकरण करणारी मुले, शेकडोंचा स्वयंपाक रांधणाऱ्या भगिनी. यांचा संबंध ठेकेदाराशी, ठेकेदाराचा कार्यालयाशी. काही वर्षांपूर्वी एका तालुक्याच्या गावी, रात्री अकराच्या सुमारास, यंत्रे जमा करण्याच्या केंद्राबाहेर कॅमेरा मांडीवर घेऊन बसलेला एक तरुण मला भेटला. पहाटे चारला घर सोडलेले. दुपारचे जेवण ‘तुमचे नाव यादीत नाही’ म्हणून नाकारलेले. मजुरी किती, असे विचारले, तर म्हणाला, “साहेब, बिल निघाल्यावर कळेल.”

कोणी म्हणेल, दोन दिवसांचे काम, त्याचा एवढा बाऊ कशाला? दिल्लीतील 1982 च्या आशियाई क्रीडास्पर्धाही काही दिवसांच्याच होत्या. त्यांची बांधकामे करणाऱ्या मजुरांना ठेकेदारांनी ठरलेल्या किमान वेतनाहून कमी दिले. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. किमान वेतनाहून कमी मोबदल्यात काम करवणे ही घटनेच्या 23 व्या अनुच्छेदाने निषिद्ध ठरवलेली वेठबिगारीच होय, आणि मध्ये ठेकेदार आहे म्हणून शासन हात झटकू शकत नाही, असे न्या. भगवती यांनी त्याच वर्षी निकालात स्पष्ट केले.

आता तर वेतन संहिताही लागू झाली आहे, 21 नोव्हेंबर 2025 पासून. म्हणजे तुमच्या मतदानाच्या अकरा दिवस आधी. रोजंदारीवरील कामगाराची मजुरी त्याची पाळी संपताच द्यावी, असे तीत लिहिले आहे. बिल निघाल्यावर नव्हे!

आणि प्रश्न केवळ पैशाचा नाही. 1 जून 2024 रोजी लोकसभेच्या शेवटच्या टप्प्यात उत्तर प्रदेशात निवडणुकीच्या कामावरील 33 जण उष्म्याने दगावल्याचे तेथील मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांनी सांगितले. त्यांत गृहरक्षक होते, सफाई कामगार होते. सावली, पाणी आणि चार तासांची झोप यांना कोणत्या अंदाजपत्रकात जागा नसते?

मनात आणले तर होते. महाराष्ट्रात गृहरक्षकांचा कर्तव्यभत्ता 2024 मध्ये दिवसाला 570 रुपयांवरून 1083 रुपये झाला. मग हमालाचा व चालकाचा दर साहित्य वाटपाच्या मांडवात फलकावर लावायला काय अडचण आहे? आणि जेथे यंत्रे जमा होतात, तेथेच त्याच रात्री सहीनिशी पैसे का चुकते होऊ नयेत?

तुमच्यापैकी अनेक जण मतदानाच्या दिवशी केंद्राबाहेर टेबल मांडून बसतात. पुढच्या खेपेला संध्याकाळी उठताना जवळच्या गाडीच्या चालकाकडे जावे. तो जेवला का, दर काय ठरला आणि पैसे कधी मिळणार, एवढे त्याला विचारावे. उत्तर समाधानकारक नसेल तर दुसऱ्या दिवशी तहसील कार्यालयात लेखी अर्ज द्यावा, आणि त्याची एक प्रत माझ्याकडे पाठवावी.