विमान, कर्ज आणि मुलीचा वाटा
(कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेले भाषण)



रेशन, पोटगी, मारहाण यांवर बोलणाऱ्या आपण वैमानिक प्रशिक्षणाच्या खर्चावर काय बोलणार, असे काहीजणींना वाटले असेल. मलाही वाटले होते. पण मागच्या वर्षी एक मुलगी वडिलांना घेऊन आमच्या सल्ला केंद्रात आली. वडील म्हणाले, "ताई, हिला समजावा. लग्नाचे पैसे विमानात उडवायला निघालीय." मुलगी म्हणाली, "दादाच्या मेडिकलला जमीन तारण ठेवली, तेव्हा कुणी कुणाला समजावलं नाही." म्हणजे प्रश्न आपलाच होता.

बाईला विमान जमेल का, याचे उत्तर सरला ठकराल यांनी १९३६ सालीच दिले. १९८५ साली सौदामिनी देशमुख कॅप्टन असलेले इंडियन एअरलाइन्सचे विमान केवळ स्त्रियांनी चालवले. आता अडते ते पैशापाशी.

आम्ही तिघे कागद घेऊन बसलो. व्यावसायिक परवान्यासाठी २०० तासांचे उड्डाण लागते. तासाला पंधरा ते वीस हजार धरले तरी तीस ते चाळीस लाख झाले. त्यात लेखी परीक्षा, रेडिओ टेलिफोनीची परीक्षा, वैद्यकीय तपासण्या, वसतिगृह आणि जेवण मिळवा. परवाना हाती आला म्हणजे नोकरी लागली असे नाही. मोठ्या विमानाचे वेगळे प्रशिक्षण घ्यावे लागते, त्याचेही बरेच लाख. नोकरी मिळेपर्यंतचे रिकामे महिने कुणी हिशेबात धरतच नाही. चाळीस लाखांवर दहा टक्के व्याज धरले, तर प्रशिक्षण वर्षभर लांबताच चार लाख अंगावर येतात.

म्हणून पहिला खर्च वैद्यकीय तपासणीचा. आधी दुसऱ्या वर्गाची, मग पहिल्या वर्गाची. त्यात पास झाल्याशिवाय संस्थेला एक रुपया देऊ नये.

संस्था निवडताना माहितीपत्रकातल्या फोटोंवर जाऊ नका. विमाने किती, हे विचारण्यापेक्षा आज उडण्याजोगी किती आणि विद्यार्थी किती, हे विचारा. मागच्या तुकडीला २०० तास पुरे व्हायला किती महिने लागले? पावसाळ्यात आपल्याकडे आणि हिवाळी धुक्यात उत्तरेकडे किती दिवस बुडतात? इंधन महागले तर वाढ कुणी सोसायची? मध्येच सोडले तर पैसे परत मिळतात का? २०१३ च्या कायद्यानुसार तक्रार समिती आहे का? रायबरेलीजवळच्या फुरसतगंजला केंद्र सरकारची अकादमी आहे. आपल्याकडे गोंदिया, बारामती, नागपूर इथेही सोयी आहेत. स्वतः जाऊन शिकणाऱ्या मुलींशी बोला. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने २०२५ साली संस्थांची पहिली श्रेणीयादी काढली. तिच्यात वरच्या दोन श्रेणींत एकही संस्था नव्हती. परदेशात तास लवकर भरतात, पण चलनाचा दर आपल्या हातात नसतो आणि इथे आल्यावर परवाना बदलून घ्यावा लागतो.

आमच्याकडच्या दुसऱ्या एका मुलीने सगळी फी एकदम भरली होती. दोन वर्षांत नव्वद तास झाले; विमाने जमिनीवरच. हप्त्याने, उडलेल्या तासांप्रमाणे पैसे भरायचे, हे लेखी घ्या.

आता तारणाचे. साडेसात लाखांपुढच्या शैक्षणिक कर्जाला बँका सहसा घर किंवा जमीन मागतात. १९९४ साली महाराष्ट्राने आणि २००५ साली केंद्राने हिंदू कुटुंबातील मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत जन्माने हक्क दिला. तरी लग्नाआधीच हक्कसोडपत्रावर सह्या घेतल्या जातात. अशी सही केलेल्या मुलीने बँकेत काय दाखवायचे? आणि जिच्या घरी जमीनच नाही तिने? अनुसूचित जातीच्या मुलींनी समाजकल्याण कार्यालयात शिष्यवृत्तीची चौकशी आधी करावी. पण भूमिहीन घरातल्या साऱ्याच मुलींसाठी तारणाशिवाय कर्ज, ही मागणी आपण लावून धरायला हवी.

त्या वडिलांनी शेवटी विचारले, "ताई, एवढं करून नोकरी नाही लागली तर?" मी खोटा धीर दिला नाही. "दादाच्या वेळी हे विचारलं होतं का?" एवढेच म्हटले. ते बराच वेळ कागदाकडे पाहत राहिले. मुलगी वैद्यकीय तपासणीला गेली, तेव्हा तेच सोबत होते.