माणसांत दिसणारी निशाणी
(युवा शिबिरातील भाषणाचा मजकूर)

 

दोन वर्षांपूर्वी अशाच एका शिबिरात मला याच विषयावर बोलायला बोलावलं होतं: रोज भेटणाऱ्या माणसांत अल्लाहचं प्रेम कसं ओळखायचं. मी होकार दिला आणि आदल्या दिवशी फोन करून सांगितलं, तब्येत बरी नाही. तब्येत ठणठणीत होती. माझ्या मुलाने एक प्रश्न विचारला होता आणि त्याचं उत्तर माझ्याजवळ नव्हतं. आज आधी तो प्रश्न सांगते.

माझा मुलगा तेव्हा चोवीस वर्षांचा होता. पुण्यात नवी नोकरी लागली होती. खोली बघितली, आवडली, भाडं ठरलं, डिपॉझिटची रक्कम ठरली. भाडेकरारासाठी आधार कार्ड पाठवलं आणि संध्याकाळी एजंटचा फोन आला, "मालक चांगले आहेत हो, पण घरचे तयार नाहीत." असं एकदा झालं असतं तर आम्ही सोडून दिलं असतं. पण ती तिसरी खोली होती.

तो शनिवारी घरी आला. मी टेबलावर या भाषणाची टिपणं काढत बसले होते. त्याने कागद उचलून वाचला आणि म्हणाला, "अम्मी, माणसांत अल्लाहचं प्रेम दिसतं म्हणतेस. मला तर माणसांत बंद दरवाजे दिसतात. तिथे जाऊन तू त्या पोरांना काय सांगणार?"

मी कागद घडी करून ठेवून दिला.

तुमच्यापैकी किती जणांना हा प्रश्न पडला असेल, हे मला हात वर करायला न लावताही कळतं. म्हणून पहिली गोष्ट स्पष्ट सांगते. प्रेमाची गोष्ट अन्यायावर पांघरूण घालण्यासाठी सांगायची नसते. नाव बघून घर नाकारणं हा अन्याय आहे. त्याला अन्यायच म्हणायचं आणि तो बदलण्यासाठी संविधानाच्या मार्गाने झगडायचं.

कुरआनही असंच करतो. अल्लाहचं एक नाव आहे अल-वदूद, म्हणजे अतिशय प्रेम करणारा. हे नाव कुरआनात दोनच ठिकाणी येतं. एक सूरह हूदमध्ये आणि दुसरं ८५व्या सूरहमध्ये, अल-बुरूजमध्ये. या बुरूज सूरहच्या सुरुवातीच्या शपथांनंतर लगेच कुणाची गोष्ट येते? खंदक खणून त्यात आग पेटवणाऱ्यांची. केवळ श्रद्धा ठेवली म्हणून माणसांना त्या आगीत जाळलं गेलं आणि जाळणारे काठावर बसून बघत होते. छळ करून पश्चात्ताप न करणाऱ्यांना तिथे कडक इशारा आहे. आणि त्याच छोट्याशा सूरहमध्ये, दोन-चार आयतींनंतर, अल्लाह क्षमा करणारा आणि प्रेम करणारा आहे असं येतं. जुलूम झाकलेला नाही आणि प्रेमही पुसलेलं नाही. मुलाचा प्रश्न ऐकल्यावर मी ही सूरह पुन्हा वाचली. तोवर ती शंभरदा वाचली असेल, पण हे लक्षात आलं नव्हतं.

आता 'आयत' या शब्दाकडे बघा. कुरआनच्या ओळीला आपण आयत म्हणतो. त्याच शब्दाचा दुसरा अर्थ निशाणी. सूरह अर-रूममध्ये अल्लाह आपल्या निशाण्या एकामागून एक मोजतो. तुम्हाला मातीपासून घडवलं, ही एक. जोडीदारांच्या मनात एकमेकांविषयी प्रेम आणि दया ठेवली, ही दुसरी. आणि त्याला लागूनच तिसरी: आकाश आणि जमीन निर्माण केली, तुमच्या भाषा आणि रंग वेगवेगळे केले. प्रेमाची निशाणी आणि वेगळ्या भाषेची निशाणी शेजारी-शेजारी आहेत. मला या शेजाराचा अर्थ एका दवाखान्यात कळला होता. कळला होता आणि मी विसरले होते.

पंधरा वर्षांपूर्वीची गोष्ट. अब्बांना हृदयाचा त्रास झाला म्हणून मिरजेला आणलं. मिरज म्हणजे दवाखान्यांचं गाव. कर्नाटकातूनही रोज माणसं तिथे येतात. जानेवारीची थंडी होती. अब्बा आत आणि मी बाहेर पॅसेजमध्ये फरशीवर. घाईत निघाल्यामुळे अंगावर फक्त ओढणी. शेजारी एक आजी बसली होती, कपाळावर विभूती, कन्नड बोलणारी. तिचा नातू आत होता. तिने मला काहीतरी विचारलं. त्यातला 'ऊट' एवढा एकच शब्द मला कळला. ऊट म्हणजे जेवण. मी मान हलवून नाही म्हटलं. तिने फडकं सोडलं, ज्वारीची भाकरी मोडली, वर शेंगदाण्याची चटणी ठेवली आणि अर्धी माझ्या हातात दिली. रात्री कधीतरी मला जाग आली तेव्हा तिची घोंगडी माझ्या अंगावर होती आणि ती स्वतः लुगड्याचा पदर लपेटून भिंतीला टेकली होती.

पहाटे फजरच्या नमाजसाठी मी जागा शोधत होते. माणसांची ये-जा चालू होती. आजीने बघितलं. पदराने एका कोपऱ्यातली फरशी पुसली आणि माझ्यासमोर, मला पाठ करून बसली, म्हणजे कुणी माझ्या पुढून जाऊ नये. तिला हे कुणी शिकवलं, मला माहीत नाही. सलाम फेरून मी उठले तेव्हा ती तशीच बसलेली होती.

दुपारी औषधं आणून परत आले तर तिची जागा रिकामी. नातू बरा होऊन गेला की आणखी काही झालं, कळलं नाही. विचारणार कुणाला? मी तिचं नावच विचारलं नव्हतं. तिने मला जेवलीस का विचारलं. मी तिला, नातू कसा आहे, हे खुणेनेसुद्धा विचारलं नाही.

सहीह मुस्लिममधली एक हदीस तुम्ही ऐकली असेल. कयामतच्या दिवशी अल्लाह बंद्याला विचारेल की मी आजारी होतो, तू मला भेटायला आला नाहीस. बंदा गोंधळेल. तू तर साऱ्या जगांचा पालनहार, तुला मी कसा भेटायला येणार? तेव्हा त्याला सांगितलं जाईल की माझा अमुक बंदा आजारी होता, त्याच्याकडे गेला असतास तर मी तुला तिथेच सापडलो असतो. मग भुकेल्याबद्दल आणि तहानलेल्याबद्दलही असंच विचारलं जाईल. ही हदीस आपण दानधर्माच्या भाषणात वापरतो. पण तिच्यात अल्लाह कुठे सापडतो, याचा पत्ताही सांगितलेला आहे. तो पत्ता दवाखान्यातल्या खाटेजवळचा आहे.

इथे गैरसमज नको. माणूस म्हणजे अल्लाह, असं आपण म्हणत नाही. बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही संग्रहांत प्रेषितांनी (स.) सांगितलेली गोष्ट आहे. अल्लाहने दयेचे शंभर भाग केले, नव्व्याण्णव स्वतःजवळ ठेवले आणि एक भाग जमिनीवर पाठवला. त्या एका भागातूनच सगळे जीव एकमेकांवर माया करतात, इतकी की घोडी आपल्या पिल्लाला लागू नये म्हणून खूर उचलून धरते. आजीची घोंगडी त्याच एका भागातली. नळाला पाणी येतं म्हणून आपण नळाला विहीर म्हणत नाही. पण तहान लागल्यावर पाणी त्याच नळातून मिळतं, हेही खरंच.

हे सगळं मी त्या रात्री मुलाला सांगितलं. त्याने शांतपणे ऐकलं आणि म्हणाला, "आजी चांगली होती अम्मी. पण आपण वरची खोली त्या बिहारच्या पोरांना का दिली नव्हती?"

मी गप्प झाले.

चार वर्षांपूर्वी आमच्या गल्लीजवळ इमारतीचं काम चालू होतं. सेंट्रिंगचं काम करणारी तीन पोरं खोली विचारायला आली होती. आपलीच, मुसलमान. सलाम करून दारात उभी राहिली. त्यांच्या कपड्यांवर सिमेंट होतं. मी त्यांना आत बोलावलं नाही, पाणी विचारलं नाही. भाडं सांगायच्या आधीच म्हणाले, "द्यायला हरकत नव्हती, पण घरचे तयार नाहीत." घरच्यांना मी विचारलंही नव्हतं.

तेच शब्द. पुण्याच्या एजंटने वापरले, अगदी तेच.

या एका गोष्टीने मालकाचा अन्याय कमी होत नाही. त्याचा हिशेब वेगळा आणि माझा वेगळा. पण मला एक कळलं. आपण निशाण्या शोधतो तेव्हा दुसऱ्याने आपल्याशी कसं वागावं एवढंच बघतो. त्या पोरांपैकी एखाद्याच्या अम्मीने गावाकडे फोनवर विचारलं असेल, खोली मिळाली का? त्या दिवशी त्या घरासाठी अल्लाहची निशाणी मी होऊ शकले असते. मी बंद दरवाजा झाले.

दुसऱ्या दिवशी मी त्या इमारतीकडे गेले. काम केव्हाच संपलेलं. पोरांचा पत्ता कुणालाच नव्हता. आज वरच्या खोलीत दोन मुलं राहतात, एक नांदेडकडचा आणि एक ओडिशाचा. ओडिशाचा मुलगा जगन्नाथाचा फोटो लावतो. दोघंही पाणी फार सांडतात, भाडं कधीच वेळेवर देत नाहीत, त्यावरून आमची दर महिन्याला बोलाचाली होते. मी काही मोठी संत झालेले नाही. पण त्यांची नावं मला माहीत आहेत, आणि त्यांच्या अम्मींचे फोन मला येतात.

माझ्या मुलाला शेवटी खोली मिळाली, ऑफिसातल्या एका मित्राबरोबर. तीन नकारांचा सल त्याच्या मनात अजून आहे आणि तो नाही असं मी त्याला म्हणायला लावत नाही. एक मिळालेली खोली तीन नाकारलेल्या खोल्यांची भरपाई नसते. निशाणी ही भरपाई नसतेच. ती वाट दाखवते, एवढंच.

तुम्हाला एकच काम देते, आणि ते आजच करायचं आहे. आपण देण्याबद्दल खूप बोलतो, पण घेताना आखडतो. कुणी घोंगडी घातली तर आधी ती अंगावर घ्या, संकोच करू नका. आणि ज्याने घातली त्याचं नाव विचारा, त्याच्या घरी कोण आजारी आहे ते विचारा. थोड्या वेळाने जेवणाची सुट्टी होईल. सकाळपासून मागे स्वयंपाकघरात चार-पाच माणसं आपल्यासाठी राबत आहेत. आपण तीन वेळा चहा प्यायलो. त्यांच्यातल्या एकाचं तरी नाव आपल्याला माहीत आहे का?

जेवायला बसण्याआधी विचारून या. मीही येते तुमच्याबरोबर.