पाच सिरिंजा



नाचाच्या ग्रुपमधल्या मुली मेकअप करून कधीच्या विंगेत उभ्या आहेत, ते मला इथून दिसतंय. तेव्हा लांबण लावत नाही. प्राचार्य मॅडम म्हणाल्या, सेवाभावावर बोला. या शब्दाची मला जरा धास्तीच वाटते. का, ते सांगते.

१९७६ साली मी तुमच्यासारखीच नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला होते. सकाळच्या ड्युटीचं पहिलं काम म्हणजे काचेच्या सिरिंजा आणि सुया उकळायच्या. नळी वेगळी, पिस्टन वेगळा. पाण्याला उकळी फुटली की घड्याळ बघायचं. मध्येच कुणी एखादी सुई टाकली तर वेळ पुन्हा पहिल्यापासून. बोथट सुया दगडावर घासायच्या. एकदा घाईत मी अर्ध्या वेळातच सुया काढल्या. वॉर्डच्या सिस्टरनी काही न बोलता अख्खा ट्रे पुन्हा पाण्यात ओतला. मला रडू आलं, रागही आला.

त्याच वर्षी आफ्रिकेतल्या झाईर देशात, म्हणजे आजच्या काँगोत, यांबुकू नावाच्या गावी बेल्जियमच्या जोगिणी मिशनचा दवाखाना चालवत होत्या. १२० खाटा आणि डॉक्टर एकही नाही. बाळंतपणापासून मलेरियापर्यंत सगळं त्याच बघायच्या. घरदार सोडून जंगलात आलेल्या बायका. त्यांच्या सेवाभावात काडीचीही खोट नव्हती. पण बाह्यरुग्ण विभागात रोज सकाळी पाच सिरिंजा काढल्या जायच्या आणि दिवसभर त्याच. दोन रुग्णांच्या मध्ये कोमट पाण्यात विसळायच्या, की पुढच्याला. लोकांनाही गोळीपेक्षा सुईच हवी असायची. आपल्या खेड्यांतही ‘बाई, एक सुई टोचा’ असंच म्हणतात ना! गरोदर बायका तपासणीला आल्या की त्यांना जीवनसत्त्वाचं इंजेक्शन मिळायचं.

ऑगस्टच्या अखेरीस मिशनच्याच शाळेतले एक मास्तर तापाने आले. मलेरिया समजून त्यांना इंजेक्शन दिलं. पंधरवड्याच्या आत ते गेले. मग माणसं मरतच राहिली. पुढे ज्याला इबोला हे नाव मिळालं, तो हा रोग. ३१८ जणांना झाला, २८० दगावले. ज्यांना लागण फक्त सुईतून झाली, त्यांच्यातला एकही वाचला नाही. दवाखान्यातल्या १७ कर्मचाऱ्यांपैकी ११ गेले आणि दवाखान्याला कुलूप लागलं.

मी त्या जोगिणींना दोष द्यायला उभी नाही. त्या पळाल्या नाहीत. आजाऱ्याच्या उशाशी बसल्या आणि तिथेच आजारी पडल्या. तपासाला बाहेरून डॉक्टर आले, तेव्हा वाचलेल्या जोगिणी एका घरात स्वतःला कोंडून बसल्या होत्या. साथीत रोग्यांभोवती कडं करायचं असतं, असं त्यांनी कुठेतरी वाचलं होतं. म्हणून घराभोवती त्यांनी खरोखरच बँडेजच्या गॉझची दोरी बांधली होती आणि झाडाला पाटी, पलीकडे आलात तर मराल. मला याचं हसू येतं आणि लगेच गिळावं लागतं. अडाणीपणा म्हणावा, तर जिवावर उदार होऊन केलेला.

त्याआधी राजधानीहून डॉ. मुयेंबे आले होते. हातमोजे नव्हते. रुग्णांचं रक्त काढताना ते डॉक्टरांच्या हातांवर ओघळायचं. त्यांनी साबण-पाण्याने हात धुतले. ते वाचले आणि पुढे सगळी हयात याच रोगाच्या मागे लागले.

आता २००० साल, उत्तर युगांडातलं गुलू. पुन्हा तोच इबोला. तिथल्या लाकोरच्या मिशन रुग्णालयाचे प्रमुख डॉ. मॅथ्यू लुक्विया, त्याच मातीतला माणूस. ते शिक्षणासाठी कंपालात होते. रुग्णालयातले नर्सिंगचे विद्यार्थी पटापट दगावले, म्हणून त्यांना बोलावणं गेलं. आल्या आल्या त्यांनी रात्रभर केसपेपर चाळले. प्रयोगशाळेचा अहवाल यायची वाट न पाहता वेगळा वॉर्ड उघडला. झगा, मास्क, हातमोजे, सगळं शिस्तीत. तुमच्यासारख्याच मुलामुलींना घेऊन त्यांनी त्या साथीशी झुंज दिली. नोव्हेंबरात एका रात्री त्यांचाच एक परिचारक रक्त ओकत असल्याचा निरोप आला. ते धावले. झगा होता, मास्क होता, हातमोजे होते. डोळ्यांवरचं आवरण तेवढं राहिलं. लागण तेव्हाच झाली असावी, असं सहकाऱ्यांना वाटतं. ५ डिसेंबरला ते गेले. रुग्णालयाच्या आवारातच त्यांना पुरलं.

आमच्या त्या सिस्टर आता नाहीत. त्या ट्रेबद्दल त्यांना थँक्यू म्हणायचं राहूनच गेलं.

असो. मुली ताटकळल्यात. फक्त एक सांगते. सकाळी तुमच्या प्रात्यक्षिकाच्या खोलीत मी हात धुवायला गेले, तर बेसिनवर साबण नव्हता. बक्षीस समारंभ आटोपला की तेवढा कुणीतरी नेऊन ठेवा.