पाळी ठरवा, मगच हळद काढा



२०२४ साली वसमतच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळाले. नाव झाले; आता प्रत राखणे आपल्या हाती. काढलेली हळद तीन-चार दिवसांत शिजली पाहिजे. गटाचा कुकर एक अन् सभासद वीस, मग तंटा ठरलेलाच!

म्हणून काढणीआधी बैठक घ्या. ज्याचा पाला आधी वाळला, त्याची पाळी आधी. मग तो दोन एकरवाला असो की वीस एकरवाला. पाळीची तारीख पक्की झाल्यावरच काढणीला हात घाला. भाडे, जळण, दुरुस्ती वहीत मांडा आणि दरमहा सर्वांसमोर वाचा. बँकेत दोघांच्या सह्या ठेवा. रुसलेल्याचे म्हणणे बैठकीतच ऐका, पारावर नको. हिशेब चोख, तर गट टिकेल.