स्वस्थ बसलेल्या मुलाचा मेंदू



वर्गात खिडकीबाहेर पाहत बसलेले मूल रिकामे बसले आहे, असा आपला समज असतो. मेंदूपुरता तरी हा समज चुकीचा आहे. माणसाच्या मेंदूचे वजन शरीराच्या सुमारे २ टक्के; परंतु विश्रांतीच्या वेळी शरीर जी ऊर्जा खर्च करते, तिच्यातील सुमारे २० टक्के वाटा त्याचा असतो. कठीण गणित सोडवायला घेतले तरी या खर्चात पडणारी भर अल्पच.

मेंदूचा जो भाग कार्यरत होतो त्याच्याकडे प्राणवायुयुक्त रक्ताचा ओघ वाढतो, आणि त्यामुळे होणारा सूक्ष्म चुंबकीय बदल एमआरआय यंत्र टिपते. क्ष-किरण नाहीत, सुई नाही. १९९५ मध्ये अमेरिकेतील विस्कॉन्सिन येथे भारत बिस्वाल व त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले की, माणूस निश्चल पडून असतानाही त्याच्या दोन्ही हातांची हालचाल सांभाळणारे मेंदूचे भाग एकाच लयीत चढउतार करीत असतात. परस्परांपासून दूर असूनही अशा रीतीने एकमेकांशी बांधलेल्या भागांना 'विश्रांत जाळे' म्हणता येईल.

मुलांच्या अभ्यासाला ही पद्धत विशेष सोयीची ठरली, कारण मुलाला काही करून दाखवावे लागत नाही. त्याने पडून राहावे, इतकेच. २००८ मध्ये अमेरिकन संशोधकांना असे आढळले की, आत्मचिंतनाच्या वेळी जागृत असणारे प्रमुख जाळे ७ ते ९ वर्षांच्या मुलांत विरळ विणलेले असते, आणि प्रौढांत ते घट्ट झालेले दिसते. जवळचे धागे आधी, दूरचे मागाहून, असे वाढीचे सुबक चित्र उभे राहिले.

पण पडून राहणे हीच तर मुलांची अडचण! डोके मिलिमीटरच्या अंशाइतके हलले तरी जवळचे भाग अधिक जुळलेले आणि दूरचे तुटक भासतात, हे २०१२ मध्ये तीन गटांनी स्वतंत्रपणे उघड केले. लहान मुले मोठ्यांहून अधिक हलतात. म्हणजे जी वाढीची खूण मानली, तिच्यात चुळबुळीचाही वाटा होता. पूर्वीचे निष्कर्ष सर्वस्वी खोटे ठरले नाहीत. त्यांचा जोर मात्र ओसरला. ही चूक याच क्षेत्रातील संशोधकांनी शोधली आणि प्रसिद्ध केली, हे मला मोलाचे वाटते. आता मुलांना आधी नकली यंत्रात निजवून सराव देतात. काही ठिकाणी त्यांना चित्रपटही दाखवतात.

आपल्याशी थेट संबंध आहे तो पुढील गोष्टीचा. अतिचंचलता व अवधानाची उणीव असलेली मुले विश्रांत मेंदूच्या प्रतिमांवरून ओळखता येतील काय, यासाठी २०११ मध्ये एक जागतिक स्पर्धा झाली. नऊशेहून अधिक मुलांची व तरुणांची माहिती त्यात होती. सर्वांत अचूक अंदाज आले ते कॅनडातील अल्बर्टा विद्यापीठाच्या गटाचे. आणि त्यांनी प्रतिमा वापरल्याच नव्हत्या! वय, लिंग, डावरेपणा आणि बुद्धिमापन एवढ्यावरच त्यांनी काम भागविले. प्रतिमा न वापरल्यामुळे बक्षीस मात्र दुसऱ्या गटाला गेले. पुढे २०२२ मध्ये असेही दिसून आले की, मेंदूची जाळी आणि बुद्धी किंवा वर्तन यांचा संबंध खात्रीने सांगण्यास हजारो व्यक्तींच्या प्रतिमा लागतात.

तेव्हा एका मुलाच्या मेंदूचे रंगीत चित्र दाखवून त्याची बुद्धी वा चंचलता कोणी सांगू लागला, तर त्यासाठी शाळेचा किंवा पंचायतीचा पैसा खर्च करू नये. या विकाराचे निदान तज्ज्ञ डॉक्टर आजही मुलाला तपासून, आईवडिलांशी बोलून आणि वर्गशिक्षकाने भरून दिलेल्या प्रश्नावलीवरून करतात. ती प्रश्नावली आपल्याकडे आली, तर मुलाला चार दिवस नीट पाहून मगच भरावी.